आमटीचं मीठ

सतरा

शालनबाईंचं वर्षश्राद्ध घरीच करायचं ठरलं तेव्हा यशवंतरावांनी एकच प्रश्न विचारला होता. "रणजीतला आणणार ना?"

"आणणार की," दौलत म्हणाला होता. "आईचं शेंडेफळ हाय त्ये. त्याला न आणून कसं चालंल? अन् संध्याकाळी सोडायला जाईन तवा ते कागद बी देऊन टाकतो. एका फेरीत दोन्ही कामं."

यशवंतरावांनी मान हलवली. मान हलवणं त्यांना आयुष्यभर जमत आलं होतं. दादासाहेबांनी, त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे शालनबाईंच्या मालकांनी, इंद्रायणीकाठचं शेत बिल्डरला द्यायचं ठरवलं तेव्हाही ते असेच मान हलवून भोसरीच्या शाळेत निघून गेले होते. तिथल्या ग्रंथालयात पुस्तकं कपाटात लावताना मग त्यांना बोलायची सगळी वाक्यं सुचली होती.

ते कागद आठवडाभर हॉलमध्ये टीव्हीखाली पडून होते. ताथवड्याच्या घराचे. एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून एक संस्था रणजीतसारख्या मोठ्या माणसांसाठी ते घर चालवत होती. रणजीत चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याची समज सात वर्षांच्या मुलाएवढी, असं डॉक्टर म्हणायचे. शालनबाई म्हणायच्या, डॉक्टरला काय ठावं, माझ्या पोराला घरातलं समदं कळतं. त्या गेल्या, आणि तीन महिन्यांत दौलतच्या बायकोची, तनुजाची, कंबर धरली. मग ताथवडं. आता नऊ महिन्यांची चाचणी संपली होती. दौलतची सही झाली की रणजीत तिथला कायमचा. घरी यायचं ते दिवाळीत आणि मे महिन्यात, वर्षातून दोनदा. सारखं येण्याजाण्यानं मुलं बिथरतात, असं तिथले सर म्हणाले होते. त्यातला 'मुलं' हा शब्द यशवंतरावांना खटकला होता. पण ते बोलले नव्हते.

श्राद्धाच्या दिवशी दहा वाजता गाडी फाटकाशी थांबली. रणजीत उतरला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, अंगानं जरा भरलेला. त्यानं चपला काढल्या, जोडीनं भिंतीला लावल्या, आणि ओळीनं सगळ्यांसमोर हात जोडले. "नमस्कार. नमस्कार. नमस्कार." दौलतची मुलगी सायली माणच्या आयटी कंपनीत होती, आज सुट्टी काढून थांबली होती. तिलाही नमस्कार.

"अरे रणजीतकाका, मला काय नमस्कार करतोस? माझी वेणी ओढ की!"

रणजीत हसला. वेणी ओढली नाही. भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. दौलतची ही थोरली बहीण चाकणला दिलेली होती, आणि रणजीतला ताथवड्याला ठेवल्यापासून भावाशी नीट बोलत नव्हती. आज पहिल्यांदा ती दौलतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चुकलं माझं. केवढा शहाणा झाला रे! आई असती तर दृष्ट काढली असती."

"मी काय म्हणत हुतो?" दौलत खूष झाला. "त्यांचा दर महिन्याचा कागद येतो. जेवण उत्तम, झोप उत्तम, वागणूक उत्तम."

यशवंतराव रणजीतशेजारी बसले. त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते सापडेना. हा माणूस घरात आला की चपलांसकट स्वयंपाकघरात घुसायचा. सुमनची पर्स उघडून आत काय आहे ते मोठ्यानं सांगायचा. पाहुण्यांना सांगायचा, तुमी आता जावा. ते सगळं गेलं हे बरंच नाही का? पंचाहत्तरीच्या, एकट्या राहिलेल्या माणसाला कशातही खोट दिसते, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"रणजीतभाऊजी, या," तनुजानं आतून हाक मारली. "आमटी झालीया. मीठ सांगा."

ही ह्या घरची जुनी रीत. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, तो उष्टा होतो. भाज्यांचा अंदाज बायकांच्या हाताला असतो, पण पन्नास माणसांची कटाची आमटी फसली की सगळं जेवण फसतं. शालनबाईंनी त्यावर तोड काढली होती. आमटी बिनमिठाची उकळायची, मग रणजीतला बोलवायचं. तो झाकण उचलून वाफेत नाक घालायचा. शालनबाई चिमटी-चिमटीनं मीठ सोडायच्या आणि तो सांगायचा, टाक, टाक, टाक. आणि एकदम हात वर करून, बास! मिठाला वास असतो का, ह्यावर यशवंतरावांनी एकदा ग्रंथालयात बराच शोध घेतला होता. काही हाती लागलं नव्हतं. पण तीस वर्षांत आमटी एकदाही बिघडली नव्हती.

रणजीत उठला तो आधी दौलतकडे बघून. दौलतनं मान डोलावल्यावर चालू लागला. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र तो थांबला. फरशीकडे पाहिलं, आणि हात पाठीमागे बांधून तिथंच उभा राहिला.

"आत या की."

तो जागचा हलेना. शेवटी तनुजानंच वैतागून झाकण उचललं आणि दोन्ही हातांत फडकं घेऊन पातेलं जरा त्याच्याकडे कलतं केलं. "सांगा."

"छान हाय," रणजीत म्हणाला.

"छान? मग ताई, तुमी घातलं वाटतं मीठ."

सुमन तोवर पानं पुसायला मागच्या दारी गेली होती. तिला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात गुरव आले, गडबड उडाली, आणि ते तिथंच राहिलं.

गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये पान ठेवलं. कावळा वाटच बघत असल्यासारखा आला, भजी उचलली आणि समोरच्या बाराव्या मजल्याच्या कठड्यावर जाऊन बसला.

"बघा," सुमन म्हणाली. "आईची काय बी इच्छा राहिली न्हाई. रणजीतचं मार्गी लागलेलं कळलं तिला."

कावळ्यानं आमटीला चोच लावली नाही, हे यशवंतरावांनी पाहिलं. का, ते त्यांना पंगतीत कळलं. आमटी ठार अळणी होती. डाळीचं गोडसर पाणी. त्यांनी मान वर करून पाहिलं. दौलत भुरके मारत होता. गुरवांनी वाटी संपवून दुसरी घेतली. भाऊकी जेवत होती.

"आमटी लई छान झालीया, वहिनी," कुणीतरी म्हणालं.

"छान," दुसऱ्यानं दुजोरा दिला.

"काका, वाढू अजून?" तनुजानं विचारलं.

"छान आहे," यशवंतराव म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थबकले.

समोरच्या ओळीत रणजीत ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता. भात निवून गेला होता. "अरे जेव की," दौलत म्हणाला तेव्हा त्यानं पहिला घास घेतला. ताटात कारल्याची भाजी होती. कारलं दिसलं की हा माणूस ताट ढकलून उठायचा. आज त्यानं ते सगळं खाल्लं, घास न चुकवता, समोर बघत.

जेवणं झाल्यावर यशवंतराव मागच्या आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. शब्दकोशाच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक नंबर लिहून ठेवला होता. धम्मरत्नचा. हा नांदेडकडचा मुलगा पहिले चार महिने ताथवड्याला रणजीतची सगळी सोबत करत असे. नंतर तो दिसेनासा झाला. नंबर लावायला यशवंतरावांना दहा मिनिटं लागली. काय बोलायचं, कुठल्या अधिकारानं विचारायचं, हे ठरेना. शेवटी तिकडून हॅलो आलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "मी रणजीतचा काका. मोशीचा."

"बोला की काका! कसा हाय आमचा रणजीतभाऊ? मला संस्थेनं माणच्या नव्या घरात टाकलंय."

"त्याला तिथं मारतात का रे कोणी?"

"छे छे. खोटं कशाला सांगू? मारतेत बिरतेत असं काही नाही. जेवण टायमाला, गोळ्या टायमाला."

"मग तो असा गप्प का झालाय?"

धम्मरत्ननं आवाज खाली आणला. मागे कुकरची शिट्टी झाली. "काका, मी होतो तवा तिथं चारजण होते. आता आठ हायेत, अन् सांभाळणारे दोघंच. दोघांनी आठजण आवरायचे म्हटल्यावर बसवूनच ठेवावं लागतंय. एकाचा हात भाजला तर सैपाकघर बंद केलं, दाराशी खाली पिवळी पट्टी चिकटवली. पट्टीच्या अलीकडं थांबायचं. जेवण डब्यातनं येतंय. पाहुणे आले, कसं हाय विचारलं, तर छान म्हणायचं. वाईट मनानं शिकवलेलं नाही हो. सोपं पडतंय."

"तो आधी नको म्हणायचा का? तुला?"

"तर! दिवसाला पन्नास बार. हा शर्ट नको, अंघोळ नको, भेंडी नको. मंडईत माझ्यासंगं भाजी आणायला यायचा, तिथं बी भाजीवाल्याला, ही शिळी हाय, नको. लोक हसायचे." तो स्वतःही हसला. "त्रास व्हायचा, पण मला बरं वाटायचं. काय पायजे ते कळायचं त्याचं."

"तुझ्या घरात जागा आहे का?"

"दिवाळीनंतर एक होईल. पण काका, माझं नाव घेऊ नका कुठं."

यशवंतरावांनी फोन ठेवला. कोश उगाच उघडला, मिटला. आता बाहेर जाऊन सांगायचं होतं. आणि सांगायचं काय? तो भाच्यापुतण्यांत सगळ्यांत चांगला वागतो, हे वाईट आहे, असं? जमिनीच्या वेळी तोंड उघडलं नाही, मग आता उघडायचा हक्क कुठून आणायचा? ते पुन्हा कॉटवर टेकले. मग त्यांना पंगतीतला आपलाच आवाज आठवला. छान आहे. ते उठले.

बाहेर भाऊकी पांगली होती. हॉलमध्ये घरचीच माणसं. रणजीत त्याच खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. दौलतनं कागद मांडीवर घेतले होते आणि पेन चालतं का ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बघत होता.

"दौलत, आज सही करू नकोस."

दौलतनं वर पाहिलं. काका स्वतःहून बोलले, ह्याचंच त्याला नवल वाटलं असावं. "का वो?"

"मला ते ठीक वाटत नाही."

"काय ठीक न्हाई? मारत्यात का तिथं?"

"नाही."

"उपाशी ठिवत्यात?"

"नाही."

"मग?"

वाक्यं होती, खोलीत सगळी जुळवून आणली होती. आता एकही जागेवर नव्हतं. यशवंतरावांनी घसा साफ केला. "आमटीत मीठ होतं का?"

दौलतचं पेन वर्तमानपत्रावर थांबलं. मग सायलीला हसू फुटलं. "आजोबा! अजिबात नव्हतं! मी तर लोणचं कालवून खाल्लं."

"काय?" तनुजा पदराला हात पुसत बाहेर आली. "ताई, तुमी घातलं न्हवतं?"

"मी? मी कशाला घालू? मीठ रणजीतच्या पुढ्यात तूच घालणार हुतीस की."

"पण भाऊजी तर छान म्हणाले..." बोलता बोलता तनुजा थांबली.

"श्राद्धाच्या जेवणाला नावं ठिवायची व्हय?" दौलत म्हणाला. "म्हणून मी काय बोललो न्हाई."

"मीही बोललो नाही," यशवंतराव म्हणाले. "मी तर छान आहे म्हणालो. ह्या घरात गप्प बसायची माझी सवय जुनी आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पण खरं बोलणारा एक माणूस होता ना आपल्याकडे? मीठ नाही, कारलं नको, पाहुणे जा. तोही आता आपल्यासारखा झाला. आपण भिडेनं छान म्हणतो. तो कशानं म्हणतो, हे कोणी विचारलंय?"

एवढं बोलल्यावर त्यांना दम लागला. सायलीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"रणजीत," दौलत खुर्चीकडे वळला. "ताथवड्याला कसं हाय रं?"

"छान."

"अन् इथं?"

"छान."

"मी कसा हाय?"

"छान."

"अन् तुझ्या कानफटात दिली तर?"

"छान," रणजीत म्हणाला.

सुमननं तोंडाला पदर लावला. सकाळचं तिचं कौतुक आता तिच्याच अंगावर आलं होतं. "दौलत, मी त्याला चाकणला नेते," ती म्हणाली. "मालकांना काय सांगायचं ते सांगंन."

"न्या की," तनुजा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "दोन दिसांनी आणून सोडाल. ताई, राग मानू नका. काका, तुमी बी. बोलायला सोपं हाय. तीन महिने त्यांची अंघोळ, दाढी, कपडं मी केलं. नव्वद किलोचा माणूस न्हाणीत घसरला तवा मी एकटीनं उचलला. तुमी पलीकडच्या खोलीत पुस्तक वाचत हुता."

"खरं आहे," यशवंतराव म्हणाले. "मला आवाज आला होता. मला वाटलं, बायकांच्या कामात कशाला मध्ये पडा. मी उठलो नाही."

तनुजानं त्यांच्याकडे पाहिलं. असं उत्तर तिला अपेक्षित नसावं. ती खुर्ची ओढून बसली.

"त्याला कायमचा घरी आणा, असं मी म्हणत नाही," ते पुढे म्हणाले. "तुझी कंबर पुन्हा मोडायची नाही. पण वर्षातून दोनदा नको. दर रविवारी घरी. आणि तिथल्या सरांना सांगायचं, स्वयंपाकघर उघडा. माणूस कमी असेल तर आठवड्यातून तीन दिवस मी जाऊन बसतो त्याच्यासोबत. भाज्या निवडू दोघं. ऐकत नसतील तर दिवाळीनंतर माणला जागा होतेय, तिथं विचारू."

"तुमी जाणार? मोशीवरनं ताथवड्याला? कशानं?"

"बसनं."

"अन् सरांशी बोलणार कोण?"

"मी."

दौलत हसला नाही, हे यशवंतरावांना पुष्कळ वाटलं. पण पेन त्यानं खाली ठेवलं नव्हतं. "काका, एका आमटीवरनं एवढं? नऊ महिने त्यानं आमटीचं पातेलं बघितलं न्हाई. इसरला असंल. जे गेलंच, त्याच्यासाठी कशाला वढाताण? त्याला अजून येत असंल तर मी सही करत न्हाई, शब्द देतो. इसरला असंल, तर तिथं बरा हाय त्यो."

विसरला असेल तर मग त्याला तिथं मुळीच ठेवता कामा नये, हे वाक्य यशवंतरावांच्या ओठांवर आलं. पण तनुजा उठली होती.

"बघू या की. अर्धं पातेलं शिल्लक हाय."

तिनं आत जाऊन गॅस लावला. यशवंतरावांच्या मनात आलं, आपण ह्याला परीक्षेला बसवलं. चव्वेचाळीस वर्षांत कुणी बसवलं नव्हतं, ते आपण केलं. आता तो पुन्हा छान म्हणाला, तर दोष माझा.

वाफ धरली तशी तनुजानं हाक मारली. "या, भाऊजी."

रणजीतनं दौलतकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" दौलत म्हणाला, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागला.

रणजीत बसूनच राहिला. दौलतची मान काही डोलली नाही. बराच वेळ गेला. मग तो आपणच उठला. दारापर्यंत आला, आणि सकाळसारखाच फरशीकडे बघत थांबला. हात पाठीमागे गेले.

यशवंतराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनीही खाली पाहिलं. "पट्टी नाही रे इथं," ते हळूच म्हणाले. "बघ. नाहीये."

रणजीतनं अंगठ्यानं फरशी चाचपली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग एक पाऊल टाकलं, आणि दुसरं.

तनुजा बाजूला सरली. तिनं झाकण उचललं नाही. रणजीत झाकणाकडे बघत राहिला. हात पुढे केला, मागे घेतला, आणि शेवटी उचललं. वाफ त्याच्या गुळगुळीत चेहऱ्यावर आली. त्यानं डोळे मिटले.

"कशी हाय?"

"छान."

दाराशी सुमननं श्वास सोडला. मिठाची बरणी तनुजानं ओट्यावर घेतली, चिमटीभर मीठ पातेल्यात सोडलं आणि शालनबाई थांबत तशी थांबली. दुसरी चिमटी. रणजीतचं नाक वाफेतच होतं. तिसरी. तनुजाच्या हाताला घाई नव्हती, आणि कंबर दुखत असूनही ती पातेल्यावर वाकूनच होती.

"टाक," रणजीत म्हणाला.

इतकं हळू म्हणाला, की यशवंतरावांना आपल्याला भास झाला असं वाटलं. तनुजानं टाकलं.

"टाक."

पुन्हा टाकलं.

"टाक. टाक." आवाज आता घसा खरवडून वर येत होता, आणि त्यात थोडी कुरकुर होती, कुणीतरी फार उशीर केल्याची. मागे दौलतनं पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला. तनुजानं पुढची चिमटी भरली, हात पातेल्यावर नेला.

रणजीतनं आपला हात वर केला.

"बास!"

तिची चिमटी होती तिथं थांबली. बोटांत अजून थोडं मीठ होतं. ते तिनं बरणीत परत टाकलं.